एका तारखेच्या दोन सुपाऱ्या

"सोपं आहे" असं म्हणून कुणी काही समजावून सांगायला लागलं की मला आजही धडकी भरते. बारावीचा निकाल लागल्यापासून कॉलेजात पाऊल ठेवेपर्यंत मला ज्यांनी ज्यांनी गोंधळात टाकलं, त्या प्रत्येकानं सुरुवात याच दोन शब्दांनी केली होती. मनमाडला रेल्वेत असलेल्या मामानं केली, आमच्या गल्लीत राहणाऱ्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी केली, आणि सेवा केंद्रातल्या मुलानं तर दर वेळी केली. एवढं सोपं होतं, तर माझ्यासारखी बरे मार्क पडलेली मुलगी जेवताना घास हातात धरून शून्यात का बघत बसायची, हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही.

आम्ही पंचवटीत राहतो, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात. माझे पप्पा आचारी आहेत. लग्न, मुंज, बारसं, भंडारा, तेरावं, ज्या कार्यात माणसं पंगतीला बसतात तिथं पप्पांचं काम. आई त्यांच्याबरोबर जायची, मसाले भाजायची, पुऱ्या लाटायची, वांगी चिरायची. लोक पप्पांना 'महाराज' म्हणायचे आणि आईला 'महाराजांची मंडळी'. मला फार्मसीला जायचं होतं. औषधांविषयी लहानपणापासून ओढ होती वगैरे मी आता लोकांना सांगते, पण खरं म्हणजे माझे मार्क तिथं बसत होते आणि मला तो पांढरा कोट फार आवडायचा.

आमच्या घरचं सगळं अर्थकारण सुपारीवर चालतं. कार्य ठरलं की यजमान येतो, पप्पांच्या हातावर एक खरी सुपारी ठेवतो आणि तिच्याबरोबर थोडे आगाऊ पैसे. याला सुपारी देणं म्हणतात. सुपारी घेतली की ती तारीख त्या घरची झाली. मग पप्पा तापानं फणफणलेले असोत की दुसरीकडून दुप्पट पैसे मिळोत, त्या दिवशी त्या घरची भट्टी पेटवायलाच लागते. आणि घेतलेली सुपारी परत करायची नाही, हा तर पप्पांचा कायदाच. परत केली तर त्या लग्नाला अपशकुन होतो असं ते मानतात. शिवाय ही गोष्ट आचाऱ्यांत अशी पसरते की पुढच्या सीझनला कुणी दारात उभं करत नाही.

आता यातली गंमत बघा. आषाढ लागला की लग्नं बंद. थेट तुळशीचं लग्न होईपर्यंत पप्पा जवळजवळ घरी. श्रावणात एखादा सत्यनारायण, पितृपक्षात थोडी धावपळ, बाकी सगळा वेळ पप्पा कढया घासतात आणि टीव्हीवर इतरांचा स्वयंपाक बघून नाकं मुरडतात. कॉलेजवाले फी मागतात ती नेमकी याच दिवसांत. ज्यानं कुणी हे वेळापत्रक बनवलं त्याच्या घरात कुणी आचारी नसणार.

सुरुवात मामानं केली. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "ताई, पोरीच्या शिक्षणाची चिंता सोड. सोपं आहे आता. मुलींना फी माफ झाली. माझ्या व्हॉट्सअॅपवर आलंय."

आईनं फोन ठेवला आणि पप्पांना सांगितलं. पप्पा तसेच उठले, कोपऱ्यावरून पेढे आणले आणि गल्लीत वाटून आले. ज्याला त्याला सांगत होते, "सरकार शिकवतंय आमच्या मुलीला. एक पैसा लागणार नाही." मीही खूश होते. त्या पेढ्यांचा मला पुढे किती राग येणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

मला कॉलेज मिळालं शहराबाहेरचं, पण चांगलं. आईनं इस्त्री केलेली साडी नेसली आणि आम्ही दोघी प्रवेश खिडकीवर गेलो. खिडकीमागच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला नीट समजावलं, म्हणजे त्यांच्या मते नीट. फी माफ आहे, पण सगळी नाही. शिकवणीची माफ, बाकीची भरायची. बाकीची म्हणजे कोणती, तर त्याचा एक कागद होता. आणि माफी मिळायला उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला आज नसेल तर आज सगळी फी भरायची, दाखला दिल्यावर सरकारचे पैसे येतील, ते आले की तुमचे परत मिळतील.

"म्हणजे माफ आहे की नाही?" आईनं विचारलं.

"आहे ना. फक्त आधी भरायची."

आईनं बसमध्ये तो फीचा कागद दोनदा उलटून पाहिला. मग म्हणाली, "जेवण फुकट आहे, पण पैसे देऊन जेवा, नंतर परत देऊ, असं मी कुणाला सांगितलं तर लोक मला काय म्हणतील?" मला स्वतःला नीट कळलं नव्हतं आणि कळलं आहे असं दाखवायचा मी प्रयत्न करत होते, त्यामुळे मी तिच्यावरच चिडले.

दाखला काढायला सेवा केंद्रात गेलो. तिथला मुलगा म्हणाला, सोपं आहे, तलाठ्याचा अहवाल आणा. तलाठी कार्यालयात पप्पांना विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती आणि त्याचा पुरावा काय. पप्पा म्हणाले, "साहेब, माणसं जेवून घरी गेली. पुरावा कुठून आणू?" तिथले एक-दोघं हसले. पप्पांनाही वाटलं आपण काहीतरी चांगलं बोललो, तेही हसले. मी मात्र भिंतीकडे बघत उभी होते, कारण मला पुढची तारीख माहीत होती. प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस जवळ येत होता. तो चुकला तर जागा दुसऱ्याची.

शेवटी अर्ज घेतला गेला. त्यात पप्पांपुढे आचारी लिहिलं, आईपुढे गृहिणी. सेवा केंद्रातल्या मुलानं विचारलंसुद्धा नाही, ते त्याच्या बोटांनी आपोआपच टाइप केलं. दाखला कधी मिळेल विचारलं तर म्हणाला, सर्व्हर चालला तर लगेच.

सर्व्हर चालत नव्हता.

दरम्यान गल्लीतले बँकेचे काका मला रोज एक नवा मार्ग दाखवत होते. ते मनापासून मदत करत होते, हे मला कळत होतं, म्हणून तर त्यांच्यावर चिडता येत नव्हतं. शैक्षणिक कर्ज काढ, सोपं आहे. बँकेत गेलो तर त्यांना पप्पांच्या उत्पन्नाचे कागद हवे होते, म्हणजे परत तेच. कमवा आणि शिका आहे ना, काका म्हणाले. ती योजना प्रवेश झाल्यावर होती, आधी नव्हती. एक ट्रस्ट आहे, काका म्हणाले, ज्या घरात एकटा बाप कमावतो त्या घरच्या मुलांना मदत करतो. तो ट्रस्टही प्रवेशाची पावती मागत होता. मला वाटायला लागलं की ही सगळी दारं एकमेकांच्या किल्ल्या खिशात घेऊन बसली आहेत. आत गेल्याशिवाय पैसे नाहीत आणि पैशांशिवाय आत जाता येत नाही. काकांनी एक दिवस अगदी हळू आवाजात साध्या बी.ए.चं नाव काढलं. ते कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि फी नावापुरती. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. बी.ए.त वाईट काही नाही, माझ्या वर्गातल्या दोघी तिथंच गेल्या आणि मजेत आहेत. पण मला तो कोट हवा होता.

उसने मागायचे तर कुणाकडे? सगळ्या गल्लीनं आमचे पेढे खाल्ले होते. पप्पा दोन घरी जाऊन आले आणि काहीच न मागता चहा पिऊन परतले. "सरकार शिकवतंय म्हणालो मी त्यांना," ते आईला म्हणाले. "आता कोणत्या तोंडानं मागू?"

मग एक दिवस पप्पा म्हणाले, "मी येतो कॉलेजात. तुम्हा बायकांना बोलता येत नाही." धुतलेला शर्ट, कपाळाला गंध, खिशात काहीतरी. खिडकीसमोर रांगेत उभे राहिलो. आमचा नंबर आला तेव्हा पप्पांनी खिशातून एक सुपारी काढली, तिच्याखाली घडी घातलेल्या नोटा ठेवल्या आणि दोन्ही खिडकीतून आत सरकवलं. म्हणाले, "मॅडम, ही जागा आमच्या मुलीच्या नावानं बांधून घ्या. बाकीचे पैसे कार्य झाल्यावर."

बाईंना काही क्षण कळलंच नाही. मागच्या मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाईंनी सुपारी उचलली, ती उलटसुलट करून पाहिली आणि पप्पांना परत दिली, पैशांसकट. "काका," त्या म्हणाल्या, "इथं असं नाही चालत. दाखला द्या, नाहीतर पूर्ण रक्कम."

पप्पांनी सुपारी खिशात टाकली. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी रागावलेली असूनही त्यांचा हात धरला. परत केलेली सुपारी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली असावी. बसमध्ये ते बाहेर बघत राहिले, मी त्यांच्याकडे.

त्यानंतर दोन-तीन दिवस पप्पा सकाळी निघायचे ते जेवायच्या वेळेला यायचे. कुठं जातात सांगायचे नाहीत. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी आईच्या हातावर पैसे ठेवले. आईनं विचारलं, "कुठून?" ते म्हणाले, "माझ्या कामाचे आहेत, कुणाकडून उसने नाहीत." आम्ही तेवढ्यावरच थांबलो. पळत जाऊन फी भरली. पावती हातात आली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. डोकं एवढं सुन्न होतं की मी बाईंना विचारलं, "म्हणजे आता माझा प्रवेश झाला का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "झाला गं बाई."

कॉलेज सुरू झालं, कोट मिळाला, तो दोन मापं मोठा होता. ट्रस्टची मदत आली आणि त्यातून पुस्तकं नि बसचा पास निघाला. दाखलाही आला. परत मिळायचे पैसे मात्र कुठंतरी वाटेत होते. मी विचारायला गेले की मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवायचे आणि दोन्ही टेबलांवरची माणसं म्हणायची, येतील. त्यातले काही आले आहेत, काही पुढच्या वर्षाच्या फीत वळते केले आहेत आणि काही अजून यायचे आहेत, असं मला वाटतं. खात्रीनं विचाराल तर मला सांगता येणार नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला. एका संध्याकाळी मी जर्नल लिहीत होते. पप्पांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले आणि हळूहळू खाली बसले. "पण तुम्ही तर गोरज म्हणाला होतात," एवढं एकच वाक्य ते दोनदा बोलले.

तेव्हा सगळं बाहेर आलं. त्या आषाढात पप्पा गावोगाव जुन्या यजमानांकडे फिरले होते. ज्यांच्या घरात लग्न ठरलंय पण अजून आचारी ठरला नाही, त्यांच्याकडून त्यांनी आगाऊ सुपाऱ्या घेतल्या. नेहमीपेक्षा जास्त पैसे मागून घेतले. पप्पांनी पैसे मागणं हीच त्यांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट होती. आणि त्यांत एकाच तारखेच्या दोन होत्या. एक नाशकातली, दिंडोरी रोडच्या लॉन्सवरची, दुपारच्या मुहूर्ताची. दुसरी नांदगावची, गोरज मुहूर्ताची. पप्पांचा हिशोब असा की दुपारची पंगत उठली की गाडी करायची आणि संध्याकाळच्या जेवणाला नांदगावात उभं राहायचं. भाजी चिरणं, मसाला वाटणं तिथल्या बायकांकडून आधीच करून घ्यायचं. हिशोब धाडसी होता, पण अगदीच वेडा नव्हता. आता नांदगावच्या यजमानांना संध्याकाळी हॉल मिळाला नाही, म्हणून त्यांनी लग्न दुपारवर आणलं होतं.

"एक परत करा," मी म्हणाले. पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. परत करायला पैसे तरी कुठं होते? ते माझ्या अंगावर होते, दोन मापं मोठे.

दुसरा आचारी द्यावा, तर त्या तारखेला शहरातला एकही मोकळा नव्हता. मुहूर्त सगळ्यांचे एकच असतात. पप्पा फोन लावत राहिले, सगळीकडून नकार. आई पोळ्या करत होती. तवा उतरवून म्हणाली, "नांदगावला मी जाते."

पप्पा म्हणाले, "तू काय करणार?"

"तुम्ही काय करता?"

पप्पांनी फोन खाली ठेवला. मला ते ऐकून आधी हसू आलं, मग भीती वाटली. माझ्या मनात आईचं काम म्हणजे पप्पांच्या मागे पाट मांडून बसणं. ती पुढे उभी राहील हे चित्रच येत नव्हतं. शिवाय त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. ज्या कॉलेजच्या फीसाठी ही सुपारी घेतली, ते कॉलेज बुडवून मी त्याच सुपारीला निघाले, हे कुणाला समजावून सांगायचं तर सुरुवात कुठून करू?

आदल्या दिवशी आई, मी आणि आईच्या ओळखीच्या पुऱ्या लाटणाऱ्या दोघी, अशा आम्ही नाशिकरोडहून गाडीत बसलो. मनमाडला मामा फलाटावर डबा घेऊन आला आणि खिडकीतून आईला म्हणाला, "ताई, घाबरू नको, सोपं असतं." आईनं डबा घेतला आणि खिडकी खाली ओढली.

नांदगावला यजमान फाटकापाशीच उभे होते. मोठा फेटा, हातात मोबाइल. आमच्याकडे बघून ते आमच्या मागे बघायला लागले.

"महाराज कुठं हायेत? मागून येतेत का?"

"मागून कोणी नाही," आई म्हणाली. "स्वयंपाक मी करणार आहे."

"ताई, चेष्टा नका करू. लय माणूस हाय उद्या जेवायला. आमच्यात बाईमाणूस भट्टीवर कधी उभं राह्यलं नाय."

त्यांनी तिथंच पप्पांना फोन लावला. पप्पा पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. यजमान "हां, हां" करत होते, मग त्यांनी फोन खाली केला आणि जरा कोड्यात पडल्यासारखे म्हणाले, "म्हणतेत, काय लागंल ते तिलाच विचारा."

आईनं सामान बघायला घेतलं. तेलाचे डबे, बेसन, खोबरं. खोबरं खवट निघालं, ते बदलून आणायला लावलं. यजमान तिच्या मागे मागे फिरत होते. मी बाजूला उभी राहून स्वतःची नखं खात होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टीची पूजा झाली. कार्याचा पहिला विस्तव लावताना यजमान आचाऱ्याला गंध लावतात, नारळ देतात आणि टॉवेल-टोपी देऊन मान करतात. ताटात टॉवेल-टोपी तयार होती. यजमानांनी टोपी उचलली आणि तिथंच अडकले. बाईच्या डोक्यावर टोपी ठेवायची कशी? त्यांनी बायकोकडे बघितलं. ती पटकन म्हणाली, "मी खण आणते घरातून, ओटी भरू त्यांची." सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. मी म्हणणारच होते की हो, खण बरा.

आईनं दोन्ही हात पुढे केले. "खण नको, वहिनी. आचाऱ्याला जे देता तेच द्या."

मला आईचा राग आला, खरं सांगते. आपण आधीच अडचणीत, यांचं लग्न निभावून नेऊ की नाही ठाऊक नाही, आणि ही टोपीसाठी अडून बसली आहे. यजमानांनी टोपी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती कपाळाला लावली, पिशवीत घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि भट्टी पेटवली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बुंदीचा झारा ठोकण्याचा आवाज, वांग्याच्या भाजीचा ठसका, डोळ्यांतलं पाणी. मी मठ्ठ्यात दोनदा मीठ घातलं आणि आईनं माझ्याकडे एकदाच बघून त्यात अजून ताक ओतायला सांगितलं. एरवी गोड बोलणारी आई त्या दिवशी पप्पांच्याच आवाजात ओरडत होती. पंगती उठल्या. अन्न पुरलं. यजमान जेवून आले आणि म्हणाले, "भात जरा मऊ झाला."

"झाला," आई म्हणाली. "तांदूळ नवा होता, मला अंदाज आला नाही."

"बाकी भाजी मात्र महाराजांसारखीच."

आईनं झारा धुवायला घेतला. पण गाडीत बसल्यावर म्हणाली, "महाराजांसारखी म्हणे. पंधरा-वीस वर्षं त्यांचा मसाला भाजतंय कोण?" आणि मग ती मनमाड यायच्या आतच झोपली. नाशकातलं लग्नही पार पडलं होतं. घरी पप्पांनी तिची टोपी हातात घेऊन पाहिली आणि आपल्या टोपीच्या शेजारच्या खिळ्याला अडकवली.

त्या सीझनला आईनं अजून काही कार्यं केली, बारशी, एक डोहाळजेवण, एक मुंज. पैसे तिच्या हातात येऊ लागले. मी दुसऱ्या वर्षाला गेले आणि परत तोच फेरा सुरू झाला. पुन्हा दाखला, पुन्हा खिडकी, पुन्हा ट्रस्ट. ट्रस्टचा नियम तोच होता, घरात एकच कमावता हवा. बँकेचे काका स्वतः घरी आले. "सोपं आहे," ते म्हणाले. "आईपुढे गृहिणी लिहा. खोटं थोडंच आहे? घर तर सांभाळतातच."

मला ते पटलं. पुस्तकं आणि पास त्याच पैशांतून निघायचे. खोटंही नव्हतं.

ट्रस्टच्या कार्यालयात एका टेबलामागे एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांनी माझे मार्क पाहिले, खूश झाल्या. मग विचारलं, "आई काय करतात?"

मी तोंड उघडलं होतं. आई शेजारून म्हणाली, "आचारी आहे."

"वडील ना?"

"ते पण. मी पण."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या अगदी प्रेमानं बोलल्या, हे मला सांगायलाच हवं. म्हणाल्या, मग या वर्षी आम्हाला तुमच्यापेक्षा गरजू मुलीला मदत द्यावी लागेल, तुम्ही समजून घ्याल. आई म्हणाली, "द्या की." आणि नमस्कार करून उठली.

रस्त्यात मी तिच्यावर तुटून पडले. पुलावर माणसं वळून बघत होती. "एक शब्द होता! एक शब्द लिहिला असता तर काय बिघडलं असतं तुझं? पास कुठून काढू आता? पुस्तकं कुठून आणू?"

आई चालत राहिली. पलीकडे पोचल्यावर थांबली. "नांदगावला हात पुढे करून टोपी घेतली मी," ती म्हणाली. "ती आता परत करू का?"

तिचं चुकलं असं मला त्या क्षणी वाटत होतं, आणि त्याच क्षणी वाटत होतं की ती बरोबर आहे. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि पास तर हवाच होता. मी तिच्या मागे घरी आले.

पप्पा कढई घासत बसले होते. आईनं त्यांना झालेलं सांगितलं. एवढ्यात त्यांचा फोन वाजला, कुणीतरी मार्गशीर्षातल्या तारखेची विचारणा करत होतं. पप्पांची सवय अशी की पलीकडच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते हो म्हणून मोकळे होतात. या वेळी ते थांबले. फोनवर हात ठेवून त्यांनी आधी आईकडे बघितलं. मग फोनवर म्हणाले, "त्या दिवशी मी बांधलेलो आहे. पण आमच्या घरात अजून एक आचारी आहे. विचारून सांगतो."

आई माझ्याकडे वळली. "त्या दिवशी तुझं प्रॅक्टिकल नाही ना?"

मी वेळापत्रक बघितलं. नव्हतं.

"मग घेतली म्हणा," आई पप्पांना म्हणाली. "आणि सुपारी लगेच पाठवा म्हणावं. हिचा पास काढायचाय."